उजेडाचे तास

"अहो, हात सोडू नका. केवढा हा अंधार!"

"अंधार नाही गं, पोथीला सोसेल एवढाच उजेड आहे," पोथीकाका कुजबुजले. एकतीस वर्षं या खोलीची राखण करून त्यांना मोठ्याने बोलणंच जमेनासं झालं होतं.

संग्रहालयाच्या या आतल्या खोलीत सोळाशे वर्षांपूर्वीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राची पोथी होती, कमावलेल्या कातड्याच्या पानांवर हाताने लिहिलेली. काचेवर जाड तपकिरी कापड. कोणी बघायला आलं की काकांनी कापड उचलायचं, दोन मिनिटांनी झाकायचं आणि तेवढा उजेड वहीत लिहायचा. उघड्या पानाच्या वाट्याला ठरावीक तासच उजेड. ते संपले की पोथी विश्रांतीला.

त्यातली भाषा काकांना ओ की ठो कळत नव्हती. पण लिहिणाऱ्याला डुलकी कुठे लागली असावी, कातड्यातलं भोक चुकवून त्याने ओळ कशी वळवली, सगळं तोंडपाठ. कधीकधी त्यांना वाटे, तो शेजारच्या खोलीत अजून लिहीतच बसलाय. घरी जेवताना रोज हेच पुराण. काकू म्हणायच्या, "सवत आणलीत की हो माझ्या घरात! येईन एकदा तिला बघायला."

येईन येईन म्हणता लेकीची बाळंतपणं आली, सासूबाईंचं आजारपण आलं. मग काकूंचे डोळे बिघडले. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना विचारलं की एकच उत्तर, "दिसतंय हो, थोडं धूसर एवढंच."

आणि पानाचे तास काल संपले. उद्या पोथी पाच वर्षांसाठी तळघरात जाणार होती.

"दोनच मिनिटं, बाई. घरच्यांना दाखवायचीय," सकाळी काकांनी संग्रहालयाच्या मुख्य बाईंना विनवलं होतं.

"काका, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर?" बाईंचा आवाज मऊ होता, पण नाही म्हणजे नाही.

म्हणून जन्मात पहिल्यांदा नियम मोडायचं ठरवूनच काका दुपारच्या सुट्टीत काकूंना घेऊन आले होते. त्यांना काचेशी उभं करून ते दार लोटायला गेले. छाती धडधडत होती. लाज वाटत होती, आणि आनंदही होत होता.

परत येऊन त्यांनी कापडाचं टोक धरलं, तोच काकू म्हणाल्या, "अगंबाई! किती सुंदर हो!"

त्या कापडावर वाकल्या होत्या.

"ओळी बघा कशा! आणि ती वळवलेली, ही ना?" त्यांचं बोट कापडाच्या वर, हवेतच फिरत होतं. "तुम्ही सांगायचात अगदी तश्शी."

काकांनी अजून कापड उचललंच नव्हतं. ही किती महिने भिंती चाचपत घरात वावरतेय, आणि आपण पोथीच्या उजेडाची मिनिटं मोजत बसलो. त्यांना रडू आलं. त्यांनी टोक सोडून दिलं.

"हो, हीच," ते म्हणाले.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग सरळ झाल्या.

"झाका आता. माझ्यापायी उगाच जास्त उजेड नको लागायला तिला."

काकांनी कापडावरून एकदा हात फिरवला, सळसळ ऐकू येईल असा.

"झाकलं," ते म्हणाले.