चंबूच्या तळाचा पिवळा उजेड

मित्रांनो, मला ओळखलंत का? कसे ओळखाल! मी कर्वेनगरच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला जुना अतिनील दिवा. माझा उजेड तुम्हाला दिसतच नाही. तो ज्याच्यावर पडतो ते चमकतं आणि लोक त्याचंच कौतुक करतात. माझं नाव कोण घेतो? असो.

अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. इथे आलो तेव्हा काय माझा थाट होता! कुणी नवा पदार्थ तयार केला की आधी माझ्याखाली धरायचा. मग नवा दिवा आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

तिथून मी तनुजाकडे बघायचो. ही इथे संशोधन करणारी मुलगी. मोबाइलच्या पडद्यात उजेड देतील असे कार्बनी पदार्थ तिला बनवायचे होते. दोन-तीन वर्षं खपून तिने एक बनवला. तो काचेच्या चंबूत द्रवात विरघळवून नव्या दिव्याखाली धरला, तर नुसता अंधार! पुन्हा केला, पुन्हा अंधार. शेवटी तिच्या मार्गदर्शक मंदाकिनी मॅडम म्हणाल्या, "पुरे आता. सोमवारपासून दुसरा विषय घे. आणि ही भांडी धुऊन ठेव."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. चंबू तसाच उघडा टाकून ती घरी गेली.

सोमवारी ती धुवायला आली, तर द्रव उडून गेलेला. तळाला पांढरट थर तेवढा उरला होता. तेवढ्यात तिच्या बरोबरीच्या अभयने मला खाली काढलं.

"हा भंगारात द्यायचाय. चालतो का ते बघू. गॉगल लाव गं."

त्याने बटण दाबलं, माझा उजेड चंबूत पडला, आणि अहो, तळाशी पिवळंधमक उजळलं!

"बंद करू नकोस!" तनुजा ओरडली.

तिने त्यावर थेंबभर ॲसिटोन टाकलं, तसा थर विरघळला. उजेड गेला. थोड्या वेळाने ते वाळलं आणि उजेड परत आला! असं का व्हावं?

मॅडम धावत आल्या, गॉगल चढवून कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. "द्रवात रेणू सुटे असतात," त्या म्हणाल्या, "सगळी ऊर्जा हातपाय झाडण्यात घालवतात. वाळल्यावर दाटीवाटीत हलता येत नाही, मग तीच ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. पडद्याला तर वाळलेला थरच लागतो, आणि आपण बसलो द्रव बघत!" मग तनुजाकडे वळून म्हणाल्या, "तुला भांडी धुवायला सांगितली होती ना?"

"हो, मॅडम."

"नशीब, आळशी आहेस. हाच विषय पुढे चालू ठेव."

म्हणून सांगतो मित्रांनो, एखादी गोष्ट उजळत नाही म्हणून लगेच टाकू नका, जरा निराळ्या तऱ्हेने बघा तरी.

तनुजाचे डोळे घळाघळा वाहू लागले. पण मी चालू असताना गॉगल काढायचा नसतो, त्यामुळे बिचारीला ते पुसताही येईनात. बाकीचे चंबूतच डोकावून बसलेले. मला चालू ठेवा, एवढीच आस मी जन्मभर धरली. त्या क्षणी मात्र वाटलं, अहो, कुणीतरी मला जरा बंद करा हो!