घराखालची जमीन

आर्किटेक्ट निवेदिता मॅडम नगरहून कोल्हारला तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा त्यांच्याकडे गोरक्षच्या नव्या घराचा कच्चा नकाशा तयार होता. पडवीत सतरंजीवर कागद पसरून त्या गोरक्षच्या बायकोला म्हणाल्या, "रुपालीवहिनी, तुम्ही म्हणालात तशी स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे घेतली. ओट्याशी उभं राहिलं की फाटकातून कोण आलं ते दिसेल."

रुपालीने बोटाने कागदावरची खिडकी शोधली आणि बोट तिथेच ठेवलं. वीस वर्षं ती या पत्र्याच्या घरात काळ्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापत आली होती.

"आन् जिना?" गोरक्षने विचारलं.

"आतून. तुमच्या मनासारखा." मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "आता एकच राहिलं. सरकारी मोजणी करून घ्या. तोवर मी पक्का नकाशा काढणार नाही."

"मोजणी? मॅडम, माज्या जल्माआधीपासून आमी हितं राहतोय!"

"असाल. पण घर कुणाच्या जमिनीवर उभं करते आहे, ते मला कागदावर दिसायला हवं."

गोरक्ष हसला. मग त्याच्या मनात आलं, झाली मोजणी तर बरंच होईल. शेजारच्या पुंजारामने बांध कोरून त्याची दोन फूट जमीन खाल्ली होती. बारा वर्षांपूर्वी गोरक्षने त्यावरून तहसिलीत दावा टाकला, पंचांच्या जबाबावर तो जिंकला आणि पुंजारामला बांध मागे घ्यावा लागला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आता खुणाच रोवल्या की म्हाताऱ्याला पुन्हा तोंड उघडायला जागा उरणार नाही. गोरक्षने दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला.

मोजणीच्या दिवशी नोटीस मिळाल्याप्रमाणे पुंजाराम आला आणि बांधावरच थांबला. साठी उलटलेला, उंच, पाठीत किंचित वाकलेला. गोरक्षने त्याच्याकडे पाहिलं नाही. मोजणीदार काठीवरचं यंत्र घेऊन शेतभर फिरला. तो थांबेल तिथे त्याचा माणूस चुन्याची खूण करत होता. बांधाच्या खालच्या टोकाला खूण बरोबर पडली. मग मोजणीदार वर घराकडे निघाला. गोठा मागे टाकला, घराची मागची भिंत मागे टाकली, आणि भिंतीपासून पंधरा पावलांवर, गोरक्षच्याच उसाच्या पहिल्या सरीत थांबला.

"इथं चुना टाक," तो म्हणाला.

"सायेब, तितं कशाला?" गोरक्ष धावत गेला. "हद्द तिकडं हाय, बांधाला!"

"खाली बांधाला आहे. वर येताना ती तिरपी होऊन इकडं येते." मोजणीदाराने हातातल्या यंत्राचा पडदा त्याच्यासमोर धरला. "तुमचं घर, गोठा, पुढचं अंगण, सगळं लगतच्या गटात आहे. सहा गुंठे भरतील."

"लगतच्या म्हंजी?"

"पुंजाराम यांच्या."

गोरक्षला शब्द ऐकू आले, पण ते एकमेकांना जोडले जाईनात. "पुन्हा मोजा," तो म्हणाला. मोजणीदाराने पुन्हा मोजलं. चुना पहिल्या चुन्यावरच पडला. रुपाली सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. ती ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि आपल्या घराकडे पाहू लागली, जणू ते कोणी आताच तिथे आणून ठेवलं होतं. मोजणी बघायला आलेल्या निवेदिता मॅडमनी नकाशाची गुंडाळी उघडलीच नाही.

गोरक्ष मटकन सरीच्या वरंब्यावर बसला. दोन फुटांसाठी ज्याला तहसिलीत ओढलं, त्याच्याच अंगणात आपण जन्मलो, वाढलो, लग्न करून बायको आणली! आता तो बांधावरून येणार, चार माणसांदेखत म्हणणार, ऊठ.

पुंजाराम आलाही. चुन्याच्या रेघेपाशी थांबून म्हणाला, "मला ठाऊक हाय हे."

गोरक्षने मान वर केली.

"सत्त्याण्णव साली माज्या बापानं मोजणी केल्ती. नकाशा हाय घरी, ट्रंकेत."

"म्हंजी..." गोरक्ष वरंब्यावरून उठला. "तहसिलीत दावा चालला, तवा तुमच्याकडं ह्यो नकाशा हुता?"

"व्हय."

"मंग दाखवला का न्हाई? एका तारखेत सुटला असता तुमी!"

"दाखवला असता तर तुजं घर गेलं असतं." पुंजाराम जरा चिडूनच म्हणाला. "ह्या घराचा पाया तुजा बाप आन् माजा बाप, दोघांनी मिळून खांदला. तवा दोघांलाबी हद्द ठाऊक नव्हती. बापानं मला सांगून ठेवलं हुतं, ह्यो कागद भांडणात काढायचा न्हाई. आपलं भांडण बांधाचं हुतं, गोरक्ष. घराचं नव्हतं."

गोरक्षने तोंडावर उपरणं धरलं. त्याला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. रुपालीने ट्रे खाली ठेवला, एक कप उचलला आणि पुंजारामच्या हातात दिला. "तात्या, घ्या," ती म्हणाली. त्याने घेतला.

त्यानंतर चार दिवस गोरक्ष घरातच बसून राहिला. निवेदिता मॅडमचा फोन आला. दोघांनी राजीखुशीने ठरवलं तर जमिनीची अदलाबदल होऊ शकते, एकदा वकिलाला विचारा, असं त्यांनी सांगितलं. पाचव्या दिवशी तो आणि रुपाली घराचा नकाशा घेऊन पुंजारामच्या दारात गेले. पुंजारामच्या बायकोने, कडूबाईने, सतरंजी अंथरली. पाटाकडेचे सहा गुंठे, चांगली काळी जमीन, गोरक्षने बदल्यात देऊ केले.

"पानी भिडतं तिला," पुंजाराम म्हणाला. "माज्या सहा गुंठ्यांत नुसता मुरूम हाय."

"म्हनूनच देतो, तात्या."

म्हातारा दाढी खाजवत म्हणाला, "बघू तरी, मॅडमनी काय काढलंय ते." नकाशा सगळा पाहून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, की जिना आतून कशाला, पाहुण्यारावळ्यांनी बूट घालून घरातून वर जायचं का? त्यावर त्याचा आणि गोरक्षचा जरा वादच झाला.

महिन्याभराने राहात्याला अदलाबदलीचा दस्त झाला. परतताना गोरक्षच्या मोटारसायकलवर मागे पुंजाराम बसला होता. बाभळेश्वरला चहाला थांबल्यावर गोरक्ष कपाकडे बघत म्हणाला, "तात्या, तुमच्या पोरीच्या, मोनिकाच्या लग्नाला मी आलो न्हाई. शेजारी असून."

"व्हय," पुंजाराम फुंकर मारत म्हणाला. "तुमच्या घरच्या वाट्याची बुंदी तशीच उरली. कडूबाईनं तीन दिस खाल्ली."