ओक ट्री रोडवरची फ्रेंच सभा

“सॉरी, मॅडम. हाउसफुल,” बिवलकर दारातच उभे राहून म्हणाले. तो शेवटचा शब्द उच्चारताना त्यांना जो आनंद झाला, तो त्यांना लपवता आला नाही.

पायरीवरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पर्स आणि जूनच्या उकाड्यातही गळ्याभोवती रेशमी स्कार्फ. त्यांना सोडून टॅक्सी नुकतीच वळली होती. आत एकही खुर्ची रिकामी नव्हती. मागच्या भिंतीला टेकून काही जण उभे होते.

“या भागात आम्ही फ्रेंच लोक इतके आहोत हे मला माहीतच नव्हतं,” बाई इंग्रजीत म्हणाल्या. त्यांच्या इंग्रजीला फ्रेंच वळण होतं. “मला मंत्र्यांना एकच प्रश्न विचारायचा होता.”

“आणखी माणसं आत घेता येणार नाहीत. फायर कोड आहे.”

बाईंनी मान डोलावली आणि पर्समधून फोन काढून परत टॅक्सी बोलावायला लागल्या. बिवलकरांनी दार ओढून घेतलं. बाई फ्रेंच आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. पण हॉल एकदा भरला की त्यांना दुसरं काही दिसत नसे.

हेमचंद्र बिवलकर पाणीशुद्धीकरणाच्या कामातले इंजिनिअर. नोकरीची सगळी वर्षं न्यू जर्सीत काढून निवृत्त झालेले. मराठी मंडळाचे ते कधी अध्यक्ष झाले नाहीत, की कधी स्टेजवर चढले नाहीत. पण भारतातून नाटक यायचं असलं आणि त्याच आठवड्यात बर्फ पडणार असलं, की सगळे त्यांच्याकडे धावत. बिवलकर फोन घेऊन बसत. आधी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी, मग मुलाच्या कॉलेजची, आणि अगदी शेवटी तारीख. त्यांना नाही म्हणणं कुणाला जमत नसे. पाहुण्या नटांना वाटे, काय रसिक लोक आहेत. बिवलकर मागे उभे राहून भरलेली डोकी बघत आणि त्यांचं नाटक तेवढ्यातच बघून होई.

त्यांची एकुलती एक मुलगी, इला, शिकायला म्हणून पॅरिसला गेली आणि तिकडचीच झाली. तिथलं नागरिकत्व घेतलं, आणि आता एका मंत्र्याच्या कार्यालयात होती. मंत्री असून हा माणूस निवडणुकीला का उभा राहतोय, हे तिने फोनवर समजावलं होतं.

“बाबा, पार्लमेंट अचानक बरखास्त झालं ना. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या फ्रेंच लोकांसाठी एक सीट असते. तिथून तो उभा आहे. हरला तर मंत्रिपद सोडायचं, अशी पद्धत आहे.”

“आणि जिंकला तर?”

“तर ती सीट त्याचा सबस्टिट्यूट, म्हणजे बदली उमेदवार, घेतो. तो मंत्रीच राहतो.”

“मग उभाच कशाला राहायचं?”

“लोक आपल्या पाठीशी आहेत हे दाखवायला.”

एवढं मात्र बिवलकरांना चटकन समजलं.

प्रचारासाठी इला आली ती आई-वडिलांकडेच उतरली. सभेला दोन दिवस उरले असताना ठरलेला हॉल ऐनवेळी कॅन्सल झाला. मेट्रोपार्क स्टेशनच्या जवळ कुठे जागा मिळेल का, असं तिने वडिलांना विचारलं. त्यांनी तासाभरात ओक ट्री रोडवरच्या एका रेस्टॉरंटचा मागचा हॉल मिळवून दिला. तो बघून आल्यावर सकाळी स्वयंपाकघरात ती पॅरिसच्या सहकाऱ्याशी बोलत होती. मध्येच फोन ठेवून आईला म्हणाली, “एवढा मोठा हॉल, आणि आमचे येणार वीसएक जण. रिकाम्या खुर्च्यांचा व्हिडिओ व्हायरल होईल.”

बिवलकरांनी हे ऐकलं आणि फोन घेऊन ते मागच्या डेकवर गेले.

“हेमचंद्र, आपल्याला फ्रेंच कुठे येतं यार?” मंडळातला मित्र राजेश म्हणाला.

“टाळ्या येतात ना? मी वाजवल्या की वाजवायच्या. आपल्या इलासाठी आहे.”

“मग येतो. सुवर्णालाही आणतो.”

अशा रीतीने हॉल भरला. बिवलकरांच्या बायकोने, कांचनने, एकदा विचारलं होतं, “इलाला सांगितलंयस का?” “सरप्राइज आहे,” ते म्हणाले होते.

इला मंत्र्यांना घेऊन स्टेशनवरून आली आणि उंबरठ्यावर थबकली. समोर सदरे होते, जरीच्या साड्या होत्या, सुवर्णावहिनींची मोरपंखी पैठणी होती. त्यांच्या मध्ये कुठे कुठे विखुरलेले मूठभर फ्रेंच चेहरे. तिचं तोंड उतरलं. बिवलकरांना वाटलं, तिला भरून आलंय.

मंत्री मात्र खूश झाले. उंच, हसरा माणूस. बाह्या दुमडून ते फ्रेंचमध्ये बोलत राहिले आणि बिवलकरांनी टाळी वाजवली की हॉलभर टाळ्या पडत. बिवलकरांना एक अक्षर कळत नव्हतं. पण मागे वळून डोकी बघावीत तर किती बघू आणि किती नको असं त्यांना झालं होतं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक तरुण मुलगी उठली. एका फ्रेंच वृत्तसंकेतस्थळाची ती वार्ताहर होती. तिने आधी फ्रेंचमध्ये आणि मग मुद्दाम इंग्रजीत विचारलं, “मंत्रिमहोदय, तुमची हरकत नसेल तर एक विनंती आहे. येत्या शनिवारी या निवडणुकीत ज्यांना मत देता येणार आहे, त्यांनी हात वर करावेत.”

फ्रेंच हात वर झाले. भरल्या हॉलमध्ये ते फारच थोडे दिसले. बाकी सगळे आपापल्या मांडीकडे बघू लागले. त्या शांततेत सुवर्णावहिनींनी हळूच हात वर केला.

वार्ताहर त्यांच्याकडे वळली. तिने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. वहिनी हसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “मी नागपूरची आहे.”

कुणीतरी फसकन हसलं. मग बरेच जण हसले. वहिनींचा हात खाली आला तो पैठणीच्या पदरात शिरला आणि तिथेच राहिला. मंत्र्यांनी भारताच्या मैत्रीविषयी दोन वाक्यं म्हणून वेळ सावरली आणि कार्यक्रम लवकर आटोपता घेतला.

बाहेर पार्किंगमध्ये बिवलकर वहिनींकडे गेले.

“चुकलंच माझं, भाऊजी,” वहिनीच म्हणाल्या. “मला वाटलं, इलाला हात कमी पडतायत.”

त्या गाडीत बसल्या. राजेश बिवलकरांकडे न बघता गाडी काढून निघून गेला. इतक्या वर्षांत ज्यांनी बिवलकरांच्या एका शब्दावर बर्फातून गाड्या हाकल्या, ती माणसं आज एकेक करून निघाली होती. बिवलकरांना नीट माफीसुद्धा मागता येईना, कारण प्रत्येक जण त्यांनाच अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून घाई करत होता.

सभेचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये सगळ्यांनी पाहिला. “मी नागपूरची आहे” एवढाच तुकडा, वर हसण्याच्या इमोजी. उरलेल्या दौऱ्यावर इलाने येऊ नये, असा निरोप आला. मतदानाच्या दिवशी जवळच्या केंद्रावर उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून बसायचं, एवढंच काम तिच्याकडे उरलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. जेवणाच्या टेबलाशी बसून ती शांतपणे म्हणाली, “बाबा, मी तुझ्याकडे हॉल मागितला होता. माणसं नव्हती मागितली.”

“रिकामा दिसला असता—”

“दिसला असता. वीस जण आले असते, वीस जणांशी बोललो असतो. जे होतं ते खरं होतं.” मग तिने फोन पुढे केला. “ही मेल बघ. कुणा मादाम रेनो म्हणून आहेत. लिहितात, मी टॅक्सी करून आले होते, दारातल्या एका अतिशय सभ्य गृहस्थांनी मला जागा नाही म्हणून परत पाठवलं. मग मी व्हिडिओ पाहिला.” तिने फोन खाली ठेवला. “ते गृहस्थ तूच ना?”

कांचनने पोळी तव्यावरच ठेवून मागे वळून पाहिलं.

“हो,” बिवलकर म्हणाले.

स्कार्फ, काठी, आत डोकावणारी ती मान, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. बाहेर उन्हात टॅक्सीची वाट बघत त्या किती वेळ उभ्या राहिल्या असतील? बसायला खुर्ची बाहेर नेऊन द्यावी, हेही त्यांना सुचलं नव्हतं. जिच्यासाठी सभा होती तिलाच त्यांनी दारातून घालवलं होतं, आणि वर छाती फुगवून.

इलाने मेलला उत्तर देताना विचारलं, आमच्या घरचं कुणी माफी मागायला येऊ शकेल का? बाईंनी पत्ता कळवला. त्या मेटुचनमध्ये एकट्या राहत होत्या, बिवलकरांच्या घरापासून फार लांब नाही.

बिवलकर गेले. जाताना त्यांनी काही नेलं नाही. मिठाईचा बॉक्स कांचनने पुढे केला तेव्हा त्यांना वाटलं, ही पुन्हा माणसाला आपलंसं करायची युक्ती होईल.

“तो मीच,” दार उघडताच ते म्हणाले. “आत बसलेल्यांपैकी बहुतेकांना मत नव्हतं. मीच त्यांना बोलावलं होतं. तुमची जागा मी त्यांना दिली.”

मादाम रेनोंनी त्यांना बराच वेळ न्याहाळलं आणि आत घेतलं.

“का पण?” त्यांनी विचारलं.

“माझी मुलगी मंत्र्यांकडे काम करते. तिच्या समोर रिकाम्या खुर्च्या नकोत असं वाटलं.”

“आणि तिला काय वाटलं?”



बिवलकरांनी उलट विचारलं, “तुमचा प्रश्न काय होता?”

“माझा नवरा फ्रान्समध्ये काम करायचा. त्याचं पेन्शन मला मिळतं. त्यासाठी दर वर्षी सिद्ध करावं लागतं की मी जिवंत आहे. सही-शिक्क्यासाठी कुठे जा, मग कागद पॅरिसला पाठवा, मग ते म्हणतात पोचलाच नाही. मला विचारायचं होतं, माणूस जिवंत आहे हे आणखी किती वेळा सांगायचं?”

“हयातीचा दाखला,” बिवलकर मराठीतच पुटपुटले. त्यांची आई शेवटपर्यंत साताऱ्याच्या बँकेत तो द्यायला जात असे. बाईंना त्यांनी तसं सांगितलं. बाई पहिल्यांदा थोडंसं हसल्या.

निघताना बिवलकरांनी विचारलं, “शनिवारी मतदानाला कशा जाणार?”

“दारातून परत टॅक्सी बोलवावी लागली तेव्हाच ठरवलं होतं, जायचं नाही.”

“मी नेतो,” बिवलकर म्हणाले. मग घाईने जोडलं, “मत कुणालाही द्या. मी विचारणार नाही.”

शनिवारी मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. अमेरिकेतले फ्रेंच फ्रान्सच्या एक दिवस आधीच मत देतात. बिवलकरांनी गाडी दाराशी लावली, बाईंना हात देऊन उतरवलं. पुढे मात्र फक्त मतदारांना प्रवेश होता. ते काचेच्या दाराबाहेर थांबले.

आत लांब टेबलामागे इला बसली होती. बाईंना बघून ती उठली नाही, तिला उठायची परवानगी नसावी. पण बाईंमागे तिला वडील दिसले. थोड्या वेळाने तिच्या जागी कुणी दुसरं बसलं तेव्हा ती बाहेर आली.

“त्याच ना?”

“हो.”

“कुणाला देणार, विचारलंस?”

“नाही.”

इला हाताची घडी घालून त्यांच्या शेजारी उभी राहिली. “आपण हरतोय, बाबा. सगळीकडूनच वाईट बातम्या येतायत. तुझ्यामुळे नाही. तू उगाच ते डोक्यात घेऊ नकोस.”

ती दिलासा देत होती. तरी बिवलकरांना ते वेगळंच लागलं. एवढी माणसं खजील केली, पोरीचं काम घालवलं, आणि त्या हरण्यात त्यांचा वाटासुद्धा नव्हता.

“सुवर्णावहिनींकडे गेलो होतो,” ते म्हणाले. “दार उघडलं, चहा दिला. त्या विषयावर एक शब्द नाही बोलल्या.”

“मी बोलले त्यांच्याशी.”

“काय म्हणाल्या?”

“त्यांनी मला सॉरी म्हटलं.” इला काचेतून आत बघत राहिली.

मादाम रेनो पडद्यामागून बाहेर आल्या होत्या. पेटीपाशी जायला त्यांना वेळ लागला. मागे रांगेतल्या कुणी घाई केली नाही. त्यांनी लिफाफा पेटीच्या फटीत सोडला आणि टेबलावरच्या माणसाने मोठ्या, स्पष्ट आवाजात काहीतरी म्हटलं. ते दाराबाहेरही ऐकू आलं.

“काय म्हणाला?” बिवलकरांनी विचारलं.

“यांनी मत दिलं, असं. प्रत्येकासाठी म्हणतात. सगळ्यांना ऐकू जायला हवं, असा नियमच आहे.”

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. इलाकडे बघून त्यांनी फ्रेंचमध्ये नमस्कार केला. मग बिवलकरांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही विचारणार नव्हतात, म्हणून सांगते. मी तुमच्या मंत्र्यांना मत दिलेलं नाही.”

“बरं,” बिवलकर म्हणाले आणि त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं.

हे मतदान दोन फेऱ्यांत होतं; पुढच्या फेरीत मंत्री खरोखरच पडले आणि त्यांनी पद सोडलं. इलाचं टेबलही त्याच आठवड्यात रिकामं झालं. पण त्या शनिवारी यातलं अजून काहीच घडलेलं नव्हतं. बाई सावकाश सीटवर बसल्या. इलाने वाकून त्यांचा स्कार्फ दारात अडकणार नाही असा आत सारला, पट्टा ओढून लावून दिला आणि दार अलगद बंद केलं. मग गाडीला वळसा घालून ती वडिलांच्या खिडकीशी आली.

“बाबा, हळू चालव,” ती म्हणाली. “पुढे रस्ता खणलाय. त्यांना दचके बसतील.”