फुसक्या बाराचा दंड

मी ठासणीची बंदूक बोलतेय. घाबरू नका. जन्मापासून मी कागदाखेरीज काही फाडलेलं नाही, आणि तोही दर वेळी नेमक्या जागी फाडलाय, असा माझा दावा नाही.

अमेरिकेच्या दोनशेव्या वाढदिवसाची धामधूम होती, तेव्हा सिॲटलजवळच्या एका गॅरेजात हॅरल्डने लाकूड तासून मला घडवलं. तेव्हा ठासणीच्या बंदुकांच्या आमच्या नेमबाजी क्लबात गाडी लावायला जागा मिळत नसे. पुरुष हरणाच्या कातड्याचे सदरे घालून मिरवत, बायका पॅनकेक भाजत. पुढे भरायला सोप्या, नव्या पद्धतीच्या बंदुका आल्या. सदरे पोटावर बसेनासे झाले. माणसं एकेक करून गळाली. हॅरल्डचा खांदाही दुखू लागला.

"हा उन्हाळा बघू. कोणी हिला हातात घेतलं नाही, तर क्लबातल्या भिंतीवर टांगू," असं म्हणून त्याने दोन खुंट्याही ठोकल्या. मी दिवसभर त्यांच्याकडेच बघायचे.

जूनमध्ये जवळच्या बॉथेल गावची आसावरी आली. व्हिडिओ बघून हौस वाटली म्हणे. नवरा ओजस आणि सहा वर्षांची अनया लांब, कारपाशी थांबले.

"गोळी शिशाची ना? मग हात कुठे धुवायचे?" तिने आल्या आल्या विचारलं.

क्लबात उरलेल्या म्हाताऱ्यांनी बाहेरच्या नळाकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं!

तिचा नंबर आला, तेव्हा हॅरल्डने मला तिच्या हातात दिलं. लेकीने कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढले तर नाहीत ना, म्हणून ती सारखी मागे वळून बघत होती. चिंधीत गुंडाळलेली गोळी तिने गजाने आत ठासली, नेम धरला, चाप ओढला.

टिच्. बस्स.

नियमाप्रमाणे माझं तोंड निशाणाकडेच ठेवून सगळे थांबले. काही झालं नाही. गोळीच्या आधी ती माझ्यात दारूच घालायला विसरली होती.

"मम्मा, इज इट ब्रोकन?" लांबून आवाज आला.

"नाही गं, मम्माच ब्रोकन आहे," आसावरी पुटपुटली.

हॅरल्डने चेहरा गंभीर केला. "इथला दंड ठाऊक आहे? असं करणाऱ्याने पुढच्या महिन्यात सगळ्यांना खायला आणायचं."

"मी परत नाही येणार हं," कारकडे जाताना ती ओजसला म्हणाली.

"म्हणजे दंड बुडवणार?"

ती तशीच गाडीत जाऊन बसली. मी मात्र महिनाभर खुंट्या बघत झुरले. माझ्यामुळेच तिचं हसं झालं, असंही वाटून गेलं.

जुलैत ती आली. हातात बटाटेवड्यांचा भला मोठा ट्रे. नळापाशी हॅरल्डने साबणाची नवी बाटली ठेवली होती.

"पावडर फर्स्ट, मम्मा!" अनया लांबून ओरडली.

धडाम! पांढरा धूर विरला, तेव्हा कागदाच्या अगदी कोपऱ्यात एक भोक होतं. म्हाताऱ्यांनी वडे हातात धरूनच टाळ्या वाजवल्या.

आता त्या खुंट्यांवर अनयाचं जॅकेट असतं. पुढच्या खेपेला आसावरीची मैत्रीण नेत्रा येणार आहे, "फक्त बघायला" म्हणून. माझं एवढंच मागणं आहे. तिचा बार फुसका गेला, तर खुशाल हसा. पण दंड मागायला विसरू नका.