कुवेतला गेलेली गोधडी

जहुराला सुईत दोरा ओवता येत नव्हता, हे श्रीवर्धनच्या सबंध मोहल्ल्याला ठाऊक होतं. बटण तुटलं तरी ती शेजारीण गाठायची. अशी बाई पन्नाशी उलटल्यावर गोधडी शिवायला बसली, म्हणजे नवलच की! पण कारणच तसं होतं. कुवेतला तिच्या लेकीला, जुनेराला, मुलगा झाला होता, दानियाल. नवरा अब्दुस्समद अर्धांगानं खाटेला खिळलेला. त्याला टाकून जहुरा जाणार कशी? जावयाला रजा मिळणार ती पुढच्या साली. तोवर नातू चालायला लागेल. निदान आपल्या हातचं काहीतरी त्याच्या अंगाखाली असावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता.

शिकवायला मिळाली गोदूबाई, रोज दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण. पाटी रिकामी झाली की ती ओट्यावर टेकायची. तिनं आधी जुनं सुती कापड धुवायला लावलं, मग चार पदर अंथरून सांगितलं की नुसता धावदोरा घाल, कडेकडेनं फेरे घेत आत ये. जहुराला कुठला धीर! तिला हवी होती त्रिकोणांच्या आठ पाकळ्यांची फुलं. गोदूबाईची पाठ वळताच तिनं मधोमध फूल बसवलं नि तिथूनच टाके घालत सुटली. कड येईपर्यंत कापडाचा नुसता चोळामोळा झाला. दुसऱ्या दिवशी गोदूबाईनं ते पाहिलं, सगळं उसवलं आणि सुई परत तिच्या हातात दिली.

मग महिनाभर सरळ टाके. बोटांची चाळण झाली. साध्या फेऱ्यांची एक गोधडी पुरी झाली तेव्हा गोदूबाई म्हणाली, "हीच धाड. पोराला ऊब लागते, फुलं न्हाय."

जहुरा कसली ऐकते! साधी ती तिनं अब्दुस्समदच्या पायांवर घातली आणि जुनेराच्या लहानपणच्या ईदच्या फ्रॉकांचे त्रिकोण कापून दुसरी शिवली. खोटं कशाला सांगा, देखणी झाली होती. गोदूबाईसुद्धा उलटसुलट करून बघत राहिली. पुतण्या हारिस कुवेतला निघाला होता, त्याच्याबरोबर ही गोधडी गेली.

आठवड्यानं व्हिडिओ कॉल आला. जुनेरा हौसेनं फोन फिरवून दाखवत होती. दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत गोधडी. येणारेजाणारे विचारतात म्हणे, कुठून घेतली. दानियाल पलीकडे दुकानातल्या निळ्या ब्लँकेटवर पडला होता.

जहुरानं फोन तोंडाजवळ ओढला.

"काढ ती खाली," ती म्हणाली.

"अम्मी, खराब होईल."

"खराब व्हायलाच शिवलीय. मला त्याला मांडीवर घेता येत नाही, जुनेरा. त्याच्यासाठी माझी मांडी तीच."

फोन कुठेतरी टेकवून जुनेरा सोफ्यावर चढली. थोड्या वेळानं दानियाल फुलांवर पालथा पडून पाय झाडत होता. जहुरा बघतच राहिली. बघता बघता त्यानं करायचं ते केलंच. दोन पाकळ्या भिजल्या. जुनेरा ओशाळून म्हणाली, आत्ता मशीनमध्ये टाकते.

"टाक, टाक," म्हणत जहुरा हसली. फोन बंद झाल्यावर मात्र तिला रडू आवरेना. ते ओलं कापड आपल्या हातानं पिळून आपल्याच अंगणात वाळत घालायला मिळालं असतं, तर तिला या दुनियेत आणखी काही नको होतं.