थांबवा म्हणायचं राहिलं

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आमची आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. टेकडीवर दुर्बीण लावून बसले तरी माझी टकळी चालूच. ऐकायला धाकटा भाऊ असतो, खाली पवनचक्क्यांच्या कंट्रोल रूममध्ये. सकाळी आठ ते दुपारी दोन आमची फोनची लाइन उघडी. लांबच्या प्रवासाला निघालेला थवा चक्क्यांच्या वाटेवर आला की मी म्हणायचं, थांबवा, सात ते अकरा नंबर. आणि त्याने बटण दाबायचं. पाती पूर्ण थांबायला चाळीस सेकंद लागतात. मी सांगितल्याशिवाय त्याने बटणाला हात लावायचा नाही, लावला तर नोकरी गेली. नियम साहेबांचा. साहेब ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकतात, पण नियम तो नियम.

धाकट्याला ही नोकरी मीच शब्द टाकून मिळवून दिली. तोवर त्याचं सगळं वरातीमागून घोडं. शाळेला उशीर, परीक्षेला उशीर, बाबा गेले तेव्हा दवाखान्यात पोचायलाही उशीर. मी ते त्याला कधी विसरू दिलं नाही. रोज लाइन जोडली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं: जागा आहेस ना रे?

मागच्या वर्षी टेकडीवर अशी पहाऱ्याची खुर्ची नव्हती. नऊ नंबरच्या चक्कीखालून मी एका सकाळी एकसष्ट करकोचे गोणीत भरले. काहींचे पंख हलत होते. तेव्हापासून सहा महिने ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली.

तसं माझं मूळ काम घरट्यांच्या मोजणीचं. विणीच्या दिवसांत उजाडता उजाडता ठरलेल्या वाटेने चालायचं, कोण कुठे गातोय ते नकाशावर टिपायचं. त्यात माझा हिशेब सोपा: एकदा दिसला तो पाहुणा, दोनदा दिसला तो भाडेकरू, चोचीत चारा घेऊन दिसला तो घरमालक. आणि खात्री नसेल तर लिहायचं नाही. एकवीस वर्षांत न पाहिलेला एकही पक्षी माझ्या कागदावर आला नाही. तुला त्याचा माज आहे, असं धाकटा म्हणतो. आहेच मुळी.

पण या हंगामात माझी दोनदा फजिती झाली होती. एकदा इथल्याच घारींना पाहून पाच चक्क्या थांबवल्या. दुसऱ्यांदा तर कहर. शेतातल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या कागदांना वावटळीने वर नेलं आणि मी ओरडले, करकोचे! बारा चक्क्या थांबल्या. ऑफिसातला शिपाईसुद्धा विचारायला लागला, बाई, प्लास्टिक यंदा लवकर आलं का? साहेबांनी मात्र न हसता स्पष्ट सांगितलं. तिसऱ्यांदा उगाच थांबल्या तर खुर्ची खाली आणायची, पहारा बंद.

त्या दिवशी वारं जोरात होतं आणि पाती घुमत होती. दहा चाळीसला खिंडीवर दोन ठिपके गोल फिरताना दिसले. मी धाकट्याला त्याच्या न भरलेल्या फॉर्मवरून झापत होते. ठिपके म्हणजे कड्यावरची गरुडाची जोडी, सकाळीच टिपली होती. टिपलेला पक्षी परत टिपायचा नाही, हे हाडात मुरलेलं. मी दुर्बीण पुढे नेली.

पण काहीतरी खटकलं म्हणून दुर्बीण परत मागे आणली. ठिपके तीन होते. मग नऊ. ऊन थेट डोळ्यांवर, आणि ठिपक्यांना ना मान दिसे ना पाय. पुन्हा घारी? पुन्हा प्लास्टिक? दुधाने तोंड पोळलेलं, मी ताक फुंकत बसले. एकदा वळू देत, म्हटलं, पंखांची काळी किनार दिसली की झालं. चौदा. तीस. जिभेवर शब्द आला होता, मी तो तिथेच धरून ठेवला.

ते वळले. काळं-पांढरं लख्ख चमकलं. दोनशेच्या वर करकोचे, आणि वाऱ्यावर घसरत थेट नऊ नंबरकडे निघाले होते. चाळीस सेकंद सोडा, वीसही नव्हते. तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. मला गोण्या दिसायला लागल्या.

आणि माझ्या लक्षात आलं, नऊची पाती रेंगाळतायत. सात, आठ, दहा, अकरा, सगळ्याच. पहिला करकोचा नऊच्या पात्याजवळून गेला तेव्हा ते शेवटचं अर्धं वळण घेत होतं. मग एकामागून एक सगळे गेले. मी मोजले, दोनशे सतरा. मग चक्क्यांखाली जाऊन गवतही धुंडाळलं. एक पीससुद्धा नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये पोचले तेव्हा साहेब धाकट्याच्या खुर्चीमागे उभे होते. चक्क्या थांबताना त्यांना खिडकीतून दिसल्या होत्या. आदेश कोणी दिला, एवढंच त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "दहा एकेचाळीसला."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांनी फॉर्म पुढे केला, मी लिहिलं आणि सही ठोकली. आयुष्यातली पहिली खोटी नोंद. पण भावाची नोकरी वाचली, या समाधानात मी होते. खरं सांगायचं तर आतून आणखी एक सुख होतं: मी गप्प बसले हे आता ऑफिसात कुणाला कळणार नव्हतं. तेवढं रेकॉर्डिंग जोडून टाकतो, असं म्हणून साहेब निघाले. लाइनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, हे मी विसरलेच होते.

"रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, साहेब," धाकटा म्हणाला. "ही बोललीच नाही. म्हणून तर मी बटण दाबलं."

साहेबांनी भुवया उंचावल्या. त्याने शांतपणे सांगितलं: "ताई बोलत असते तोवर काळजी नसते. लहानपणापासून पाहतोय, काही मोजायला लागली की हिचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आज माझ्यावर तोंडसुख घेता घेता मध्येच थांबली. पाच सेकंद वाट पाहिली आणि दाबलं."

मी त्याला दटावलं, गप्प बस म्हटलं, नोकरी जाईल तुझी. तो माझ्याकडे वळला. मी त्याला इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"जाऊ दे गेली तर. जन्मात एकदा मी वेळेवर काही केलं, ताई. तेही तू तुझ्या नावावर लिहिलंस."

मला वर बघवेना. त्याला वाचवतेय म्हणत मी स्वतःलाच वाचवत होते, आणि त्याने ते ओळखलं होतं. फॉर्म परत मागून घेतला. नोंद खोडली, खाली लिहिलं: निरीक्षक खात्री करत बसली. आदेश दिला नाही. ऑपरेटरने स्वतःहून चक्क्या थांबवल्या. करकोचे दोनशे सतरा, मृत शून्य.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चौकशी होईपर्यंत दोघांनी घरी बसायचं, असं म्हणाले, आणि मग जरा घुटमळत विचारलं, उद्या टेकडीवर कोणाला पाठवू? थवे अजून आठवडाभर येणार होते.

बाहेर आल्यावर मी धाकट्याला म्हटलं, चुकलं माझं.

"लिहिलंस ना?" तो म्हणाला. "झालं मग."

आणि माझ्यासाठी न थांबता पुढे चालायला लागला.