नजरेनं तोललेली नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे. नाव अवघड वाटलं तरी घाबरू नका मित्रांनो, माझं काम अगदी सोपं आहे. पोटात नळ्या घ्यायच्या आणि त्या इतक्या जोरात गरगर फिरवायच्या की जड ते तळाला जावं आणि हलकं ते वर राहावं. मवाळपणा माझ्या स्वभावात नाही. पूर्ण वेगात असलो की माझ्या पोटात एका ग्रॅमचं वजन क्विंटलभर होतं. तिथे कुणी गोडीगुलाबीनं वेगळं होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची जाड भिंत, मधोमध उभा आस आणि त्यावर नळ्या धरणारं धातूचं चाक, म्हणजे रोटर. बाहेर पाठवण्याआधी त्यांनी मला तीन दिवस पूर्ण वेगानं पळवलं, फुटतो का ते बघायला. मी फुटलो नाही. त्याचा मला फार ताठा होता.

मग मी या प्रयोगशाळेत आलो. इथे स्नायूंच्या आजारावर काम चालतं. काही माणसांचं एक जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यांचे स्नायू झिजत जातात. चांगलं जनुक सुईनं टोचावं, तर ते स्नायूच्या आत शिरत नाही, वाटेतच त्याच्या चिंध्या होतात. म्हणून त्याला गुंडाळून आत नेणारा वाहक लागतो. आमच्याकडे तो पॉलिमरच्या बारीक, लांब धाग्यांपासून बनवत. हे काम एक तरुण संशोधिका करायची. तिला सगळे धागेवाली म्हणत.

जनुक मिळवण्यासाठी ते आत घातलेले जंतू वाढवायचे, मग त्यांची अंगं फोडायची. त्या चिखलातून जनुक वेगळं काढायचं काम माझं. ते धाग्यात गुंडाळून उंदराच्या मांडीत टोचत. चार दिवसांनी उंदीर मारून त्याची मांडी कापत, वाटत आणि जनुक आत पोचलं का ते बघायला तो लगदा पुन्हा माझ्याकडे आणत. मी एवढे उंदीर पाहिले, पण खरं सांगतो, मला कधी कुणाची दया आली नव्हती.

धागेवालीचे पहिले धागे जनुकाला घट्ट धरत, पण स्नायूच जाळून टाकत. उंदरांच्या मांड्या काळ्या पडत. धागा सैल केला की गाठोडं वाटेतच सुटे. प्रयोग फसला की ती हातातला काचेचा चंबू भिंतीवर फोडायची आणि मग स्वतःच काचा वेचत बसायची. तिला कुणी रागवत नसे, कारण तिच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. त्याचे पाय गेले होते, डावा हात गेला होता. उजव्या हातानं तो अजून पेला उचलून पाणी पीत असे. तो हात जायच्या आत औषध तयार झालं पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं. उंदरापासून माणसापर्यंत पोचायला कैक वर्षं लागतात, हे प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंनी तिला दहा वेळा सांगून झालं होतं.

माझी देखभाल काटेकाकांकडे होती. बावीस वर्षं त्यांनी मला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. समोरासमोरच्या दोन नळ्यांचं वजन तंतोतंत सारखं हवं, नाहीतर माझा तोल जातो. म्हणून त्यांचा नियम होता: एकानं नळी काट्यावर ठेवायची आणि दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा. सगळे त्यांना हसत. तोल गेला की मला आपोआप थांबवणारी एक कळही माझ्यात होती, पण ती दोन वर्षं बिघडलेली होती. काकांनी किती अर्ज केले. दुरुस्तीवाला दर वेळी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचा.

बेचाळिसावा धागा चालला. तो जनुकाला हलकेच धरायचा, आणि उंदराची मांडी शाबूत राहायची. धागेवाली त्या दिवशी आनंदानं रडली. मोठ्या बाई म्हणाल्या की आठवड्यानं होणाऱ्या बैठकीआधी हेच पुन्हा करून दाखव, नाहीतर स्नायूचं काम बंद होईल. त्यासाठी ताजं, शुद्ध जनुक हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी काटेकाका शेजारच्या खोलीत डबा खायला बसले होते. धागेवालीनं जनुक जड क्षाराच्या पाण्यात कालवून नळीत भरलं. समोरच्या नळीत तिनं साधं पाणी घेतलं. दोन्ही नळ्या उजेडात धरून पातळी जुळवली, काट्याकडे पाहिलंही नाही. पण ते क्षाराचं पाणी साध्या पाण्यापेक्षा दीडपट जड असतं मित्रांनो! पातळी सारखी दिसली, वजनात सहा ग्रॅमचा फरक होता. पूर्ण वेगात ते सहा क्विंटल झाले असते.

तेवढा वेग मला गाठताच आला नाही. आधी मी गुरगुरलो, मग थडथडू लागलो, मग जमिनीतले माझे बोल्ट उपटून निघाले. काय झालं ते बघायला धागेवाली माझ्यावर वाकली. काटेकाका धावत आले. त्यांनी तिची वेणी धरून तिला मागे भिरकावलं आणि माझं बटण बंद करायला उजवा हात पुढे केला. त्याच क्षणी माझा रोटर फुटला. माझ्याच चाकाच्या तुकड्यांनी माझी भिंत फाडली, झाकण उडालं, खिडक्या फुटल्या. तीन महिने पुरेल एवढं जनुक छतावर शिंपडलं गेलं. काकांचा अंगठा आणि शेजारचं बोट तुटून फरशीवर पडलं होतं. मनगट छातीशी दाबून ते आधी तिला लागलं का, ते विचारत होते. त्यांचं रक्त माझ्या पोटात ओघळत होतं आणि मला पहिल्यांदा माझ्या ताकदीची किळस आली.

चौकशी झाली. यंत्र जुनं होतं, असा निष्कर्ष निघाला. मी मुका, काय बोलणार? धागेवालीनं तो कागद वाचला आणि तीही गप्प बसली. मला बाहेरच्या बोळात आणून ठेवलं.

दोन महिन्यांनी काका कामावर आले. तिनं त्यांना माझ्यापाशीच गाठलं.

“काका, ती नळी मी ठेवली होती. वजन केलं नव्हतं.”

“माहीत आहे मला,” काका म्हणाले. “काटा त्या दिवशी सकाळपासून कुणी चालूच केला नव्हता. मला काय सांगतेस? ज्याच्यासाठी घाई केलीस त्याला सांग.”

तिनं तिथेच उभ्या उभ्या भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग फोनमधून त्याचा आवाज आला.

“छोटे, या आजारानं आजवर फक्त माझंच शरीर खाल्लं होतं. आता त्यांची बोटंही खाल्ली.”

ती माझ्या फाटक्या भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या बाईंना सगळं खरं लिहून दिलं. स्नायूचं काम वर्षभर बंद झालं. त्या वर्षात तिच्या भावाचा उजवा हातही गेला. काम चालू असतं तरी तो वाचला नसता, हे तिला कळतं. तरी ती स्वतःला माफ करत नाही.

मित्रांनो, मला उद्या भंगारात नेणार आहेत. माझं एकच मागणं आहे. आपलं माणूस कितीही जिवाचं असलं, तरी त्याच्यासाठी धावताना शेजारी कोण उभं आहे ते बघत जा. काटेकाकांना आता उजव्या हातात पेन धरता येत नाही. दुपारी डबा झाला की सत्तावन्न वर्षांचे काका धागेवालीसमोर वही उघडून बसतात आणि डाव्या हातानं ‘अ’ गिरवतात.